काठाबाहेरचा मंगळ

मंगळाचं छायाचित्र समोर आलं की बघणाऱ्याची नजर आधी विवरात उतरते. गोल काठ, एका बाजूची सावली, तळाशी साचलेली वाळू, कधी मधोमध उभा राहिलेला डोंगर. एवढं बघून पान उलटलं जातं. या पुस्तकातली छायाचित्रं अशा घाईने पाहिली तर त्यांतला निम्म्याहून अधिक मजकूर वाचायचा राहून जाईल. म्हणून वाचकाला सुरुवातीलाच एक विनंती: नजर काठाच्या बाहेर न्या. विवर ही काहीतरी उडून गेल्यावर मागे उरलेली जागा. जे उडालं ते किती लांब जाऊन पडलं, हवेतून फेकलं गेलं की जमिनीला धरून वाहत गेलं, वितळलं होतं की नुसतं फुटलं होतं, त्यात बर्फ होता की नव्हता, हे सगळं काठाबाहेर दिसतं. मंगळाबद्दल गेल्या साठ वर्षांत जे कळलं त्यातलं बरंच या राडारोड्याने सांगितलं आहे. त्या मानाने त्याच्याकडे बघणारे फार थोडे.

विवरांना मंगळावर तोटा नाही. १ किलोमीटर किंवा त्याहून रुंद अशी विवरं स्टुअर्ट रॉबिन्स आणि ब्रायन हाइनेक यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत ३,८४,३४३ भरली. पृथ्वीवर आघाताचीच म्हणून खात्रीने ठरलेली विवरं दोनशेच्या आसपास आहेत. दगड दोन्हीकडे कोसळले. पृथ्वीने पाऊस, नद्या, समुद्र आणि सरकत्या भूपट्टांच्या जोरावर खुणा पुसून टाकल्या, मंगळाला ते जमलं नाही. तिथली हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहून विरळ, भूपट्टांची उलथापालथ नाही, आणि मोठ्या प्रमाणावर वाहणारं पाणी अब्जावधी वर्षांपूर्वीच थांबलेलं. त्यामुळे दक्षिण गोलार्धात साडेतीन-चार अब्ज वर्षांपूर्वीचे आघात आजही ओळखू येतात. त्यांतलं सर्वांत ठळक म्हणजे हेलास: सुमारे २,३०० किलोमीटर रुंद आणि ७ किलोमीटरहून खोल. हे आकडे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. पण १९९९ मध्ये ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ या यानावरच्या लेसर उंचीमापकाच्या मोजमापांतून ग्रहाचा उंचीनकाशा निघाला, तेव्हा दुसरीच गोष्ट पुढे आली. हेलासभोवती फेकल्या गेलेल्या मालाचं एक प्रचंड कडं आहे. ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे २ किलोमीटर उंच आहे आणि केंद्रापासून जवळजवळ ४,००० किलोमीटरपर्यंत पसरलं आहे. म्हणजे दक्षिण मंगळाच्या बऱ्याच भागाची उंची ही मुळात हेलासमधून निघालेल्या दगडमातीची उंची आहे.

मंगळावर विवरं आहेत हे माणसाला ठाऊक होऊन फार काळ लोटलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत शियापारेल्ली यांना आणि नंतर अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल यांना तिथे सरळ रेषा दिसल्या. लोवेल यांनी त्यांचे कालवे केले, कालव्यांवरून कालवे खोदणारे आले, आणि जग पन्नासेक वर्षं त्या कल्पनेत रमलं. १९५०च्या सुमारास अर्न्स्ट एपिक आणि प्लूटो शोधणारे क्लाइड टॉम्बॉ यांनी मंगळावर आघाताची विवरं असावीत असं सुचवलं होतं, पण त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. मग १९६५च्या जुलैत ‘मरिनर-४’ मंगळापासून १० हजार किलोमीटरच्या आत येऊन गेलं. त्याने एकवीस पूर्ण आणि एक अपुरं छायाचित्र टिपलं. ती पृथ्वीवर पाठवण्याचा वेग इतका कमी की एकेका चित्राला तासन्‌तास लागत. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना धीर निघेना. त्यांनी येणारे आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि रंगीत खडूंनी आकडा बघून रंग भरला. दुसऱ्या ग्रहाचं अंतराळयानाने जवळून घेतलेलं पहिलं छायाचित्र असं आधी हाताने रंगवलं गेलं.

त्या चित्रांत कालवे नव्हते. सत्तरच्या वर विवरं होती. निष्कर्षही लगेच निघाला: मंगळ चंद्रासारखा मेलेला आहे. जेमतेम एक टक्का पृष्ठभाग बघून काढलेला हा निष्कर्ष, आणि तोही नुसत्या खड्ड्यांवरून. काठाबाहेरचे बारकावे दिसावेत इतकी ती चित्रं स्पष्टच नव्हती. १९७१च्या नोव्हेंबरात ‘मरिनर-९’ मंगळाभोवती फिरू लागलं. तेव्हा ग्रहभर धुळीचं वादळ चाललं होतं. ते शमल्यावर ज्वालामुखी आणि कोरड्या नद्यांची पात्रं दिसली आणि चंद्राशी लावलेलं नातं सुटलं. विवरांच्या भोवतालाचं वेगळेपण मात्र ठसठशीत दिसायला १९७६ची ‘वायकिंग’ यानं यावी लागली. त्याकडे वळण्याआधी आघातात नेमकं काय घडतं ते थोडक्यात सांगायला हवं.

मंगळावर येणारा दगड साधारणपणे सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतो. या वेगाला दगड जमिनीत रुतत नाही. त्याची सगळी ऊर्जा क्षणात मोकळी होते, धक्क्याची लाट खडकातून पसरते आणि खडक चारी बाजूंना उसळतो. हा प्रकार स्फोटाच्या जवळचा असल्यामुळे दगड तिरका आला तरी विवर बहुधा गोलच होतं. दगड कुठून आला हे विवराला विचारून कळत नाही, राडारोड्याला विचारून कळतं. येणारा दगड पुरेसा तिरका असेल तर ज्या दिशेने तो आला त्या बाजूला फेकलेला माल कमी पडतो किंवा अजिबात पडत नाही. फारच तिरका असेल तर माल दोन्ही कुशींना पंखांसारखा पसरतो. मंगळाच्या छायाचित्रांत अशी पंखवाली विवरं सापडली की त्या दगडाची वाट बोटाने दाखवता येते.

दुसरी गोष्ट भूवैज्ञानिकांना जास्त प्रिय आहे. आघातात जमिनीचे थर उलटे होतात. वरचा माल आधी आणि लांब उडतो, खोलवरचा माल शेवटी निघतो आणि काठाशीच, वरच्या बाजूला पडतो. त्यामुळे विवराच्या काठावर उभं राहिलं की खाली न उतरता शेकडो मीटर खोलीचा खडक हाताशी येतो. ‘ऑपर्च्युनिटी’ ही बग्गी २००४च्या जानेवारीत मेरिडियानी पठारावर उतरली ती योगायोगाने २२ मीटरच्या एका चिमुकल्या विवरातच. पुढची चौदा वर्षं ती एका विवराकडून दुसऱ्याकडे गेली: एन्ड्युरन्स, मग पाऊण किलोमीटरहून रुंद व्हिक्टोरिया, आणि शेवटी २२ किलोमीटरचं एंडेव्हर. तिच्याजवळ खोल खणायचं यंत्र नव्हतं. खणाई कोट्यवधी वर्षांपूर्वीच होऊन गेली होती, बग्गीने फक्त विवरांच्या उतारांवर आणि काठांवर उघडे पडलेले खडक वाचले. एंडेव्हरच्या काठाशी तिला जे प्राचीन खडक मिळाले ते पठारावरच्या खडकांपेक्षा कितीतरी जुने होते.

आता वायकिंग. मंगळाच्या क्रायसे भागात यूटी नावाचं एक विवर आहे, २० किलोमीटरहून थोडं लहान. चंद्रावरच्या विवराभोवती माल कसा असतो ते आधी आठवा: काठाशी जाड, मग पातळ होत होत लांब किरणांसारख्या रेघांत विरत गेलेला. यूटीभोवती तसं काही नाही. तिथे पाकळ्यांसारखे एकावर एक पसरलेले थर आहेत आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला उंचवटा आहे, जणू माल जमिनीवरून सरपटत गेला आणि पुढच्या टोकाला गोळा होऊन थांबला. पावसाळ्यात चिखलात धोंडा टाकला की कडेला जे होतं ते डोळ्यांपुढे आणा. वाटेत आधीचं एक छोटं विवर होतं, त्याच्यावरून हा माल गेला तरी ते पुरतं बुजलं नाही, कारण थर पातळ होता. मायकेल कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली याचा अर्थ लावला: जमिनीत पाणी किंवा बर्फ होता, आघाताने तो मोकळा झाला आणि दगडमातीचा रेंदा वाहत गेला.

हा अर्थ सगळ्यांनी लगेच मान्य केला असं नाही. पीटर शुल्ट्झ यांनी प्रयोगशाळेत बंदुकीतून गोळ्या झाडून दाखवलं की उडालेल्या मालाशी हवेची गाठ पडली तरी असे प्रवाह तयार होऊ शकतात, आणि मंगळाला हवा आहे. माझ्या मते हा वाद बर्फाच्या बाजूला झुकवला तो एका साध्या मोजणीने. पाकळ्यांची विवरं एका ठरावीक आकारापासून पुढेच सुरू होतात. विषुववृत्ताजवळ तो आकार मोठा असतो आणि ध्रुवांकडे सरकावं तसा लहान होत जातो. मोठं विवर खोल खणतं, लहान विवर उथळ. म्हणजे विषुववृत्ताजवळ बर्फ खोल आहे आणि ध्रुवांकडे तो वर वर येतो. हवेचा परिणाम याहून वेगळा दिसला असता. हवेचा वाटा शून्य आहे असं आजही कोणी म्हणत नाही. पण विवरांचा असा उपयोग करणं, निसर्गाने जागोजागी घेतलेले चाचणीचे खड्डे म्हणून ती वाचणं, ही मला या शास्त्रातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. उच्च अक्षांशांवर तर अशीही विवरं आहेत की ज्यांच्याभोवतीच्या मालाने खालचा बर्फाळ थर झाकून राखला आणि आजूबाजूचा थर उडून गेला. आज ती विवरं चौथऱ्यावर बसवल्यासारखी उंच दिसतात.

मंगळाचा पृष्ठभाग बव्हंशी बेसॉल्टचा, आणि बेसॉल्टमध्ये झालेली, नीट टिकलेली आघाती विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे: सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दख्खनच्या काळ्या पाषाणात. ते ज्वालामुखीचं की उल्केचं हा प्रश्न दीर्घकाळ लटकून होता. १९७३ साली कर्ट फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात निकाल दिला. सरोवराच्या तळाखाली घेतलेल्या विंधनछिद्रांतून धक्क्याने बदललेले खडकाचे तुकडे निघाले. काठावर खणलेल्या चरांत वितळून पुन्हा गोठलेल्या खडकाचे गोळे आणि काचेचे बारीक थेंब सापडले. निम्मा पुरावा काठावरच्या मालातून आला, हे इथे लक्षात घ्यायला हवं. लोणारला जाणारे सरोवर बघतात, दैत्यसूदनाचं देऊळ बघतात आणि परततात. काठाबाहेरच्या शेतांत, रस्त्याकडेला पसरलेल्या त्या मालावरून आपण चालतो आहोत याचा पत्ता बहुतेकांना नसतो. मंगळावरच्या अशाच मालाचा अभ्यास करणारे जगभरातले लोक मात्र त्यासाठीच लोणारला येतात. लोणारचं वय २०११ साली आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. त्याआधी ते ५० हजार वर्षांच्या आसपास धरलं जाई. म्हणजे हाताशी असलेल्या, नमुने हवे तेव्हा नेता येणाऱ्या विवराचं वयही दहा पटींनी हलू शकतं. पुढे मंगळाच्या वयांबद्दल वाचताना हे ध्यानात असावं.

लोणारच्या त्या तुकड्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार हे साधं खनिज, पण जबर धक्का बसला की वितळल्याशिवायच त्याची स्फटिकरचना मोडते आणि ते काचेसारखं होतं. हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला गेला तो बिहारमधून गेलेल्या एका दगडात. २५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी गयेजवळच्या शेरघाटी गावी आकाशातून सुमारे ५ किलोचा अशनी पडला. १८७२ साली व्हिएन्नाच्या गुस्ताव चेर्माक यांनी त्यातल्या या काचेचं वर्णन केलं. दगड बेसॉल्टसारखा आहे, त्याला जबर धक्का बसलेला आहे, एवढं तेव्हा समजलं. तो कुठून आला हे समजायला आणखी शंभरावर वर्षं गेली.

शेरघाटीचा दगड, फ्रान्समध्ये १८१५ साली शासिन्यी येथे पडलेला आणि इजिप्तमध्ये १९११ साली नखला येथे पडलेला, या तिघांनी अशनींच्या अभ्यासकांना पेचात टाकलं होतं. बाकीचे बहुतेक अशनी साडेचार अब्ज वर्षांचे, आणि हे त्या मानाने तरुण. लघुग्रह इतक्या उशिरापर्यंत तप्त राहू शकत नाही. लाव्हा बाहेर टाकायला मोठा ग्रह लागतो. संशय मंगळावर होता, पुरावा नव्हता. तो अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडलेल्या, शेरघाटीच्याच जातीच्या एका दगडाने दिला. डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी १९८३ साली त्यातल्या काचेत अडकलेला वायू मोजला. तो वायकिंगने मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला. आघाताच्या क्षणी काच झाली आणि त्या काचेने मंगळाची हवा कोंडून घेतली होती. मंगळाची पकड सोडायला सेकंदाला ५ किलोमीटरचा वेग लागतो. मोठ्या आघातात काठाजवळचे काही तुकडे तो गाठतात आणि सूर्याभोवती लाखो वर्षं फिरून त्यांतले काही इथे येतात. आज मंगळाचे म्हणून ओळखले गेलेले अशनी तीनशेहून अधिक आहेत. मंगळावरून माणसाने अजून एकही दगड आणलेला नाही. प्रयोगशाळांत आहे तो सगळा मंगळ आघातांनी धाडलेला आहे. कुठला दगड कुठल्या विवरातून निघाला याचा शोध सुरू आहे. मोहावी आणि टूटिंग या दोन विवरांची नावं शेरघाटीच्या कुळासाठी पुढे आली आहेत. दोन्हींवर मतभेद आहेत आणि ते लवकर मिटतील असं मला वाटत नाही.

हे उगम शोधण्याचं वेड कशासाठी, तर वयासाठी. मंगळाच्या भूभागांची वयं विवरं मोजून काढतात. जिथे विवरं दाट तो भाग जुना, विरळ तो नवा. इथपर्यंत कोणालाही पटेल. पण ‘किती जुना’ हे सांगायला एखादा टेकू लागतो, आणि तो टेकू चंद्राचा आहे. अपोलोच्या आणि सोव्हिएत लूना यानांच्या खडकांची वयं प्रयोगशाळेत काढली, त्या त्या जागेची विवरं मोजली, दोन्हींची सांगड घातली आणि ती मंगळाला लावली. मंगळ लघुग्रहांच्या पट्ट्याजवळ असल्याने तिथे मारा किती जास्त, याचा हिशेब विल्यम हार्टमन यांच्यासारख्यांनी हयातभर सुधारत नेला. तरीही वर्तमानपत्रांत ‘अमुक कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा’ असं ठाम छापून येतं, त्यामागे ही सगळी जर-तरची साखळी असते. ती छापायला जागा नसते, हे मान्य. निदान ‘सुमारे’ तरी लिहावं.

या साखळीला सर्वांत मोठा हिसका बसला तोही राडारोड्याचाच. झुनिल हे सुमारे १० किलोमीटरचं तरुण विवर सर्बेरस मैदानात आहे. अल्फ्रेड मॅकइवन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं की झुनिलमधून उडालेल्या खडकांनी १,६०० किलोमीटरपर्यंत जाऊन स्वतःची दुय्यम विवरं पाडली आहेत, आणि १० ते २०० मीटरच्या अशा विवरांची संख्या १ कोटीच्या घरात जाते. एका आघाताची एक कोटी विवरं! कोणी त्या भागातली छोटी विवरं मोजून वय काढलं तर उत्तर काय येणार? अंतराळातून आलेला प्रत्येक दगड एक विवर पाडतो, हे मोजणीचं गृहीतक छोट्या विवरांपुरतं डळमळीत झालं. यावर दोन तट पडले. एक म्हणतो छोटी विवरं मोजणं सोडा. दुसरा म्हणतो दुय्यम विवरं पुंजक्याने असतात, उथळ आणि वेडीवाकडी असतात, ओळखून वगळता येतात. उगमापासून दूर, जोरात आदळलेली दुय्यम विवरं गोलच दिसतात, हे दुसऱ्या तटालाही ठाऊक आहे.

हे सगळं जुन्या काळाबद्दल झालं. पण मंगळावर मारा आजही चालू आहे आणि तो आपण बघतो आहोत. मायकेल मॅलिन यांच्या चमूने २००६ साली वीस अशा जागा दाखवल्या जिथे आधीच्या छायाचित्रात काही नव्हतं आणि नंतरच्या छायाचित्रात नवं विवर होतं. त्याच वर्षी ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ मंगळाभोवती पोहोचलं. तेव्हापासून पद्धत अशी पडली: कमी बारकाव्याचा, मोठा प्रदेश टिपणारा कॅमेरा काळा डाग शोधतो, मग ‘हायराइज’ हा कॅमेरा तिथे रोखला जातो. एका ठिपक्यात ३० सेंटिमीटरपर्यंतचा तपशील तो देतो. डाग काळा असतो कारण धक्क्याने फिकट धूळ उडून खालचा गडद पृष्ठभाग उघडा पडतो. चार मीटरच्या विवराभोवती शंभर मीटरचा डाग असू शकतो. इथेही विवर नव्हे, भोवताल सापडतो. यात एक गोमही आहे. नवी विवरं धुळीच्या प्रदेशांतच जास्त मिळतात, कारण डाग तिथेच उठून दिसतो. खडकाळ प्रदेशात पडलेला दगड नोंदीविना राहतो.

२००८ साली अशाच ताज्या विवरांभोवती पांढरा माल दिसला. उत्तरेकडच्या मध्य अक्षांशांत, अवघ्या अर्ध्या ते अडीच मीटर खोलीच्या खड्ड्यांनी बर्फ बाहेर फेकला होता. शेन बर्न आणि सहकाऱ्यांनी महिनोन्‌महिने तो पाहिला, तो हळूहळू हवेत उडून जाऊन फिका पडला. वायकिंग-२ ज्या अक्षांशावर उतरलं होतं तो या पट्ट्यातच येतो. त्याच्या यांत्रिक हाताने तिथे चर खणला होता. आणखी थोडं खोल खणलं असतं तर बर्फ लागला असता, असं या संशोधकांचं म्हणणं. तसं झालं असतं तर पुढची तीस वर्षं मंगळाच्या मोहिमा वेगळ्याच आखल्या गेल्या असत्या.

२४ डिसेंबर २०२१ रोजी एलिसियम मैदानावरच्या ‘इनसाइट’ यानाच्या भूकंपमापकाने ४ तीव्रतेचा हादरा नोंदवला. त्यात पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लाटा होत्या. इतके दिवस नोंदलेल्या मंगळकंपांत त्या मिळाल्या नव्हत्या. इकडे २०२२च्या फेब्रुवारीत कक्षेतल्या छायाचित्रांत अमेझोनिस मैदानात एक मोठा नवा डाग सापडला. मंगळाचं हवामान रोज टिपणाऱ्या कॅमेऱ्याची चित्रं मागे मागे चाळल्यावर डाग कुठल्या एका दिवसात उमटला ते कळलं. तो दिवस आणि हादऱ्याचा दिवस एकच. लिलिया पॉसिओलोव्हा, इन्ग्रिड डॉबर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही नोंदी जोडल्या. विवर १५० मीटर रुंद, २१ मीटर खोल. आदळलेला दगड ५ ते १२ मीटरचा. काही माल ३७ किलोमीटरपर्यंत उडाला होता. काठाभोवती बर्फाची मोठी ढेकळं विखुरलेली होती, ३५ अंश उत्तर अक्षांशावर. आघाताने उघडा पडलेला बर्फ विषुववृत्ताच्या इतका जवळ त्याआधी दिसला नव्हता. पुढे-मागे माणूस तिथे उतरलाच तर त्याला पाणी कुठे मिळेल, या प्रश्नाला या ढेकळांचं वजन आहे.

इनसाइट २०२२च्या अखेरीस बंद पडलं, पण त्याच्या नोंदी अजून उकलल्या जात आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्या नोंदींवरून अंदाज केला की मंगळावर ८ मीटर किंवा त्याहून रुंद अशी २८० ते ३६० विवरं दर वर्षी पडतात. छायाचित्रांवरून काढलेला आकडा याहून बराच कमी होता. धुळीच्या प्रदेशांची गोम वर सांगितली आहेच.

राडारोड्यात आता माणसाची भर पडली आहे, आणि ती या पुस्तकातून वगळलेली नाही याचा मला आनंद आहे. १९७१च्या नोव्हेंबरात सोव्हिएत ‘मार्स-२’चा अवतरण भाग मंगळावर आपटला. माणसाची तिथे पोहोचलेली ती पहिली वस्तू. २०१६ साली युरोपचं ‘शियापारेल्ली’ हे यान मेरिडियानी पठारावर कोसळलं आणि त्याने पाडलेला काळा डाग कक्षेतून दिसला. ‘क्युरिऑसिटी’ उतरताना तोल साधण्यासाठी टाकलेल्या टंगस्टनच्या वजनांनीही विवरं पाडली. त्यांचं वजन आधीच ठाऊक असल्याने अभ्यासकांना तो फुकटात मिळालेला प्रयोगच झाला. आणि २००५च्या जानेवारीत ऑपर्च्युनिटी आपलंच उष्णतारोधक कवच कसं फुटलं ते बघायला गेली, तर कवचाच्या शेजारी लोखंड-निकेलचा एक गोळा पडलेला. परग्रहावर ओळखला गेलेला तो पहिला अशनी.

विवरांच्या नावांबद्दल दोनच शब्द. मोठी विवरं दिवंगत शास्त्रज्ञांच्या नावाने आणि लहान विवरं जगभरच्या छोट्या गावांच्या नावाने, असा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा संकेत आहे. मंगळाच्या उत्तर भागात लोणार नावाचं विवर आहे ते त्यामुळेच. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी थार्सिस भागात दाखवलेल्या तीन विवरांची नावं २०२४ साली मान्य झाली: ६५ किलोमीटरचं लाल, प्रयोगशाळेचे माजी संचालक देवेंद्र लाल यांच्या नावाने, आणि त्याच्या काठावर बसलेली मुरसान व हिलसा ही उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या गावांच्या नावाची. एकावर एक पडलेल्या विवरांत आधी कोण आणि नंतर कोण हे ओळखायला शिकायचं असेल तर हे त्रिकूट बरं आहे.

छायाचित्रं बघताना थोडी काळजी घ्यावी लागते. कक्षेतून काढलेल्या चित्रांत विवर कधी कधी फुगलेल्या टेकडीसारखं भासतं. उजेड वरून येतो असं आपला डोळा गृहीत धरतो, म्हणून हे होतं. ‘हायराइज’ची चित्रं बहुधा तिथल्या दुपारी तीनच्या सुमाराची असतात आणि उत्तर वर ठेवून छापली की उजेड डावीकडून येतो. उजवी भिंत उजळ आणि डावी सावलीत असेल तर तो खड्डा आहे. डोळा ऐकतच नसेल तर पुस्तक फिरवून पाहावं. रंगांवर विश्वास ठेवू नये: निळं दिसतं ते पाणी नव्हे, बहुतेक वेळा धूळ नसलेली बेसॉल्टची वाळू असते. रंग फरक दिसावा म्हणून ताणलेले असतात. आणि प्रत्येक चित्राची मोजपट्टी आधी बघावी, कारण यूटीचं चित्र आणि अमेझोनिसच्या १५० मीटरच्या विवराचं चित्र पानावर जवळजवळ सारख्याच आकाराचं दिसतं.